दोन गुंठे, दोन आर

रात्रीचे साडेनऊ. सावेडीच्या साइटवरून आत्ता आलो. दिवसभर वीट हलली नाही, कागदच जुळवत बसलो.

खरेदीखतात प्लॉट 2 गुंठे, सातबाऱ्यावर 2 आर, नकाशात चौरस मीटर आणि मिस्त्रींच्या वहीत सगळं फुटात. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच 101.17 चौरस मीटर. आर नेमका 100 चौरस मीटर. कधीतरी कुणीतरी दोन्ही एकच धरले आणि पंचवीस चौरस फूट नाहीसे झाले. माझं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, त्यातच अडकलंय.

खडीचंही तेच. ती ब्रासने येते, 100 घनफुटांच्या हिशोबाने. अंदाजपत्रक मात्र घनमीटरचं. माती तपासणीचा अहवाल आरसीसी डिझायनरकडे, सुधारित नकाशा माझ्याकडे, नि मिस्त्रींच्या मोबाइलवर जुनाच. प्रत्येकाचं आपल्यापुरतं बरोबर, म्हणून तर चूक दिसत नाही.

2020 मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांचे बांधकाम नियम एका नियमावलीत आले. एवढं मोठं काम जमतं, तर एका घराचे कागद का जमू नयेत?

पाया खणण्याआधी सगळे कागद एकाच मापात आणून एका टेबलावर मांडा. आमची फीत उद्या सकाळी आठला पुन्हा लागेल.