मोझांबिक : दगडी शहरे आणि कुडाच्या वस्त्या

मोझांबिकच्या राजधानीतील बाजारात एखादी मराठी गृहिणी गेली, तर भाषेवाचून ती अगदीच अडून राहणार नाही. बटाटा, काजू, अननस हे शब्द तेथे जवळजवळ जसेच्या तसे चालतात. पाव किंचित नाकात म्हटला की पुरे. आणि किल्लीस तेथे ‘शाव’ म्हणतात, तीच आपली चावी. हे शब्द आपण त्यांच्याकडून घेतले नाहीत, की त्यांनी आपल्याकडून. दोन्ही किनाऱ्यांवर ते एकाच धन्याच्या जहाजांतून उतरले. शब्दांच्या देवघेवीवर ज्याचे पोट चालते अशा भाषांतरकारास या देशाविषयी कुतूहल वाटू लागले ते येथूनच.

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर सुमारे अडीच हजार किलोमीटर पसरलेला हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या अडीचपट आहे. लोकसंख्या मात्र तीन कोटींहून थोडी अधिक. कारभाराची भाषा पोर्तुगीज असली तरी घरोघर माखुवा, चांगाना, सेना अशा आफ्रिकी भाषाच बोलल्या जातात. नकाशा उघडून पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. मुख्य लोहमार्ग समुद्रापासून निघून देशाबाहेर जातात : मापुतोहून दक्षिण आफ्रिकेकडे, बैराहून झिंबाब्वेकडे, नकालाहून मलावीकडे. दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत सलग जाणारा लोहमार्ग नाही. मध्यातून वाहणाऱ्या झांबेझी नदीवर काया येथे मोटारींचा पूल झाला तो २००९ साली. तोवर उत्तर-दक्षिण हमरस्त्यावरची वाहने तरीतून पैलतीरी जात. ज्यांनी हे मार्ग आखले त्यांना देश जोडावयाचा नव्हता, शेजारच्या मुलखातला माल बंदरावर आणावयाचा होता. शहरेही त्याच हिशेबाने वसली.

त्यांतले प्रसिद्ध जुने शहर म्हणजे मोझांबिक बेट. देशाला नाव मिळाले ते याच बेटाचे. तीन किलोमीटर लांब आणि जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद असे हे बेट अरब व्यापाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. १४९८ साली हिंदुस्थानाकडे येताना वास्को द गामा येथे थांबला, आणि पुढे पोर्तुगीजांनी किल्ला बांधून आपले बस्तान बसविले. १७५२ पर्यंत या किनाऱ्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली चाले. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश गोव्याहून मायदेशी परतताना पैशांअभावी येथे अडकून पडला होता; १५६७ ते १५६९ ही वर्षे त्याने या बेटावर काढली. दीवचे वाणी येथे कापड आणीत आणि हस्तिदंत नेत. याच धक्क्यावरून हजारो गुलाम ब्राझीलकडे आणि हिंदी महासागरातील फ्रेंच बेटांकडे पाठविले गेले, हेही विसरता येत नाही.

बेटाचे दोन भाग आहेत. उत्तरेस दगडी शहर : किल्ला, राजवाडा, वखारी, देवळे. दक्षिणेस माकुती नावाची वस्ती. माकुती म्हणजे झावळ्यांचे शाकार. कोकणातल्या वाचकांस ते निराळे समजावून सांगावयास नको. आता उत्तरेकडचा दगड आला कोठून? दक्षिणेकडची जमीन खोदून. दगड निघाला, खड्डे उरले, आणि त्या खड्ड्यांत कष्टकऱ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आजही त्या भागात रस्ता उंच आणि घरे खाली आहेत. कित्येकांची छपरे रस्त्याच्या पातळीला लागतात. पाऊस झाला की पाणी कोठे जमत असेल याची कल्पना करावी. युनेस्कोने १९९१ साली बेटाचा समावेश जागतिक वारसास्थळांत केला. त्यात झावळ्यांची वस्तीही धरली गेली, हे फार बरे झाले.

१८८६ साली ट्रान्सवालमध्ये सोने सापडले, १८९५ साली तेथवर रेल्वे गेली, आणि १८९८ साली राजधानी बेटावरून उठून दक्षिण टोकाच्या लोरेंसो मार्किश बंदरात आली. आजचे मापुतो ते हेच. गव्हर्नरसाहेबांसाठी युरोपातून सुटे भाग आणून येथे एक संपूर्ण लोखंडी घर उभारण्यात आले होते. ते उन्हात असे तापे की साहेबांना त्यात राहवेना! घर मात्र अजून उभे आहे.

लोरेंसो मार्किशचे रहिवासी आपल्या नगराचे दोन भाग मानीत : सिमेंटचे शहर आणि बोरूचे शहर. सिमेंटच्या शहरात रुंद रस्ते, सावलीची झाडे, उपाहारगृहे आणि गोरी वस्ती. त्याच्या कडेने बोरूच्या कुडांची व पत्र्यांची आफ्रिकी वस्ती. तेथे पक्के घर बांधण्यास मनाई असे. कित्येक कुटुंबे पत्र्याच्या किंवा कुडाच्या आडोशाने आत गुपचूप विटांची भिंत रचीत, आणि अधिकाऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून बाहेरचा कूड तसाच राहू देत. आपल्याच गावात आपलेच घर चोरून बांधावयाचे, याहून अधिक त्या राजवटीविषयी काय सांगावे?

१९६४ साली स्वातंत्र्याचा सशस्त्र लढा सुरू झाला आणि २५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला. बहुसंख्य पोर्तुगीज निघून गेले. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांनी राजधानीचे नाव बदलले आणि भाड्याची घरे सरकारजमा केल्याचे जाहीर केले. त्यानंतर बोरूच्या शहरातली अनेक कुटुंबे सिमेंटच्या शहरातल्या मजल्यांवर राहावयास आली. रस्त्यांना कार्ल मार्क्स, लेनिन, हो चि मिन्ह, माओ अशी नावे मिळाली. राजवट पुढे पुष्कळ बदलली, नावे मात्र राहिली. मुलांना घेऊन जाणाऱ्याने तेथील निसर्ग-संग्रहालय चुकवू नये : हत्तीचे पिल्लू मातेच्या उदरात बावीस महिने कसकसे वाढते, हे तेथे क्रमाने मांडून ठेवले आहे.

या कथेत आपलीही माणसे आहेत. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगीज सरकारने त्याचा राग मोझांबिकमधील भारतीय नागरिकांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता गोठविली, आणि अनेकांना देशाबाहेर घालविले. उलट, गोव्यात जन्मलेले पत्रकार आणि अभ्यासक आकिनो द ब्रागांसा हे स्वतंत्र मोझांबिकच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार झाले. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत कोसळले, त्यात तेही मृत्यू पावले.

१९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी चालली. खेडी ओस पडली आणि जीव वाचविण्यासाठी माणसे शहरांकडे धावली. बैरा येथे १९५० च्या दशकात धनिक प्रवाशांसाठी ‘ग्रांदे हॉटेल’ नावाचे अवाढव्य हॉटेल उघडले होते. ते थोड्याच वर्षांत बंद पडले. पुढे त्याच्या खोल्यांतून, दालनांतून निराश्रित कुटुंबे राहू लागली, ती हजारोंच्या संख्येने. वीज नाही, नळ नाही, उद्वाहकाची पोकळी तशीच उघडी. परंतु छप्पर आहे. बैरा शहर अगदी सखल जागी वसले आहे. १४ मार्च २०१९ च्या रात्री ‘इदाई’ चक्रीवादळ तेथे धडकले आणि शहराचा फार मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्या वेळी मदतीस प्रथम पोचणाऱ्यांत भारतीय नौदलाची ‘सुजाता’ व ‘शार्दूल’ आणि तटरक्षक दलाचे ‘सारथी’ ही जहाजे होती. उत्तरेकडील काबो देल्गादु प्रांतात २०१७ साली उसळलेल्या सशस्त्र बंडाळीने पुन्हा लाखो लोकांना घरे सोडावयास लावली.

एक धागा थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. २०१६ साली दोन्ही सरकारांत तुरीच्या खरेदीचा करार झाला, आणि मोझांबिकच्या उत्तर भागातील शेतकऱ्यांनी मोठ्या आशेने तूर पेरली. परंतु त्याच सुमारास आपल्याकडे अमाप पीक आले. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि तिकडचे भाव कोसळले. आपल्या शेतकऱ्याचे हित पाहणे भागच होते, हे खरे. पण तिकडचा शेतकरी तूर पिकवितो ती मुख्यतः आपल्याला विकण्यासाठी. त्याला दुसरे मोठे गिऱ्हाईक नाही. २०२१ साली आयात पुन्हा खुली झाली. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या तिकडच्या तुरीची गिरणीत डाळ होते, आणि वाण्याच्या दुकानात ती इतर डाळीत मिसळून जाते.