उलटं पळणं

कबड्डीत मी डावा कव्हर. लोणारच्या काळ्या मातीवर खेळत वाढलो. कॉर्नरच्या गड्यानं घोटा धरला की त्याच क्षणी आडवं येऊन चढाईपटूची मध्यरेषेकडची वाट बंद करायची, एवढंच कव्हरचं काम. पुढं नोकरीसाठी पुण्यात गेलो. तिथं सुट्टीच्या सकाळी अमेरिकन फुटबॉल खेळणारी काही पोरं भेटली. पुण्याला हा खेळ अगदीच अनोळखी नव्हता. 2012 साली पहिला हंगाम झालेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. मी कबड्डी खेळलोय म्हटल्यावर पोरांनी मला लगेच बचावात कॉर्नरबॅक केलं. पकडणारा माणूस आहे, पकडेल! त्यांचा हिशेब साधा होता आणि निम्माच बरोबर होता.

कबड्डीत चढाईपटू आपल्याकडं येतो आणि त्याला परत जायचं असतं. त्याच्याकडं 30 सेकंद आणि एक श्वास. आपण टिकून राहिलो की घड्याळ आपल्या बाजूनं चालतं. इथं उलटं. रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलायला धावणारा गडी, आपल्याला मागं टाकून पळून जायलाच आलेला असतो, त्याला परत कुठंच जायचं नाही. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटायला तीनेक सेकंद लागतात, आणि तेवढ्यात रिसीव्हर कुठं जाणार हे त्या दोघांना ठाऊक असतं, आपल्याला नाही. कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. यांच्या मैदानाची नुसती रुंदीच 49 मीटरच्या आसपास. पहिल्या दिवशी तिथं उभा राहिलो तेव्हा भर उन्हात रानात एकटंच बुजगावणं उभं असावं तसं वाटलं.

म्हणून आधी उलटं पळायला शिकायचं. गुडघे वाकलेले, छाती किंचित पुढं, वजन चवड्यांवर. टाच टेकली की संपलं, वळायला उशीर होतो. सुरुवातीला रिसीव्हरपासून सहासात यार्डांचं अंतर राखायचं, तो अंगावर येऊ लागला की कंबर वळवून त्याच्यासोबत धावायचं. नजर डोळ्यांवर नको, खांद्यांवर नको, चेंडूवर तर मुळीच नको. नजर कमरेवर. डोकं, हात, खांदे हूल देतात, पण कंबर जिथं जाईल तिथंच माणूस जातो. शिवाय दिशा बदलण्याआधी चांगल्यातला चांगला रिसीव्हरसुद्धा पावलं आखूड करतो आणि बूड जरा खाली घेतो. तेवढीच काय ती खूण मिळते. चढाईपटूचे पाय वाचायची सवय इथं कामी आली.

अडचण हातांची. आमच्या खेळात धरणं हाच पुरुषार्थ. इथं चेंडू येण्याआधी गड्याला धरलं की पिवळं कापड मैदानात पडतं आणि बचाव भरपाई करत बसतो. कधीकाळी एवढी कडक शिस्त नव्हती. पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट रिसीव्हरांना वाटेतच असा दणकून अडवायचा की 1978 साली अमेरिकेतल्या एनएफएल लीगनं नियमच बदलला: पहिल्या पाच यार्डांपलीकडं रिसीव्हरला अडवायचं नाही. हा नियम लोकांच्या तोंडी त्याच्याच नावानं राहिला. माझं मत विचाराल तर हा माणूस चुकीच्या देशात जन्मला. आमच्याकडं असता तर डाव्या कोपऱ्यावर त्याच्याजवळून कुणी सुटलं नसतं.

क्षेत्ररक्षणाचे डाव मात्र मला घरचे वाटले. ‘कव्हर थ्री’मध्ये मैदानाच्या खोल भागाचे तीन वाटे करून तिघं एकेक वाटा राखतात. माणूस आपल्या वाट्यातून गेला की शेजाऱ्याच्या हवाली. हे बोलून होत नाही. शेजाऱ्याचा खांदा कुठं आहे ते न बघता कळावं लागतं, आणि हे कबड्डीच्या साखळीत हात धरून उभं राहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

दिवाळीत गावी आलो की सराव चालूच. सोयाबीन निघून रान मोकळं झालेलं असतं, पण धसकटं पाय फोडतात, म्हणून मैदान गाठायचं. बाजूनं जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी हटकलं, “काहून रे बाप्पा, उलटा पयून राह्यला?”

“समोरचा गडी कुठं जाते, ते पाहा लागते ना बाबा.”

“मंग समोरूनच पाहा ना!” म्हणत ते निघून गेले.

पोरं जमली तेव्हा फ्लॅग फुटबॉल मांडला. पाच-पाच जण, अंगाला भिडायचं नाही, कमरेला लटकवलेली पट्टी ओढली की गडी थांबला. हा प्रकार 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे, आणि तो घ्यायचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्याच अधिवेशनात झाला. पट्ट्यांच्या जागी आम्ही जुन्या ओढण्यांच्या चिंध्या खोचल्या.

कबड्डीची पोरं भारी पडतील अशी माझी अटकळ होती. भारी पडल्या खो-खोच्या पोरी. पोरांचे हात आधी पुढं यायचे आणि गडी निसटायचा. पोरी स्वतःच रोज हुलकावण्या देतात. समोरच्याच्या खांद्याला त्या भुलतच नव्हत्या. मी रिसीव्हर होऊन डावीकडं झुकलो, उजवीकडं कापलं, तरी एक सातवी-आठवीतली पोरगी चेंडू यायच्या आधीच तिथं हजर. चिंधी माझ्या कमरेची, तिच्या मुठीत.

“दादा,” ती म्हणाली, “आता मी पळते, तू धर.”