यजमानीण

आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखाविषयी परगावच्या मनुष्यास विचारले, तर तो बहुधा दोनच गोष्टी सांगतो: संत्री आणि गोटमार. पहिलीचा आम्हांस अभिमान वाटतो. दुसरीविषयी बोलताना आम्ही थोडे अडखळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव उभे राहते आणि दगडांचा वर्षाव सुरू होतो. दरवर्षी कितीतरी माणसे रक्तबंबाळ होतात. काही वर्षी प्राणही गेले आहेत. या प्रथेची जी दंतकथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, तीत पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीस घेऊन नदी ओलांडीत असता मध्यप्रवाहातच त्यांच्यावर दगड आले, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो. आमच्या भागातील सर्वांत प्रसिद्ध कथेत एक मुलगी वाटेस लागते आणि नदीच्या मध्यावरच अडते, हा विचार आमच्या मनात कित्येक दिवस घोळत आहे.

प्रवास आणि पाहुणचार ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होत. आमच्याकडे या अंगांची वाटणी फार पूर्वीच होऊन गेली. प्रवास पुरुषांच्या वाट्यास आला आणि पाहुणचार स्त्रियांच्या. आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की बागेत व्यापारी येतात. जामसावळीच्या निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनास निघालेले नातलग सौंसरला उतरतात आणि घरोघरी चुली पेटतात. ज्वारीची भाकरी, पाटवडी, गोळाभात यांचा स्वाद घेऊन पाहुणा तृप्त होतो आणि जाताना घरधन्याचे आभार मानतो. अतिथीस आपण देव मानले खरे. परंतु त्या देवाचा नैवेद्य जिने रांधला, तिचे नाव सहसा कोणी विचारले नाही.

हेच काम जेव्हा स्त्री स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हिशेबाने करू लागते, तेव्हा काय घडते? याचे उत्तर आम्हांस कोकणात सापडले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळ मांडवीची खाडी आहे. तेथील मच्छीमार कुटुंबांतील काही स्त्रियांनी ‘स्वामिनी’ नावाचा बचत गट चालविला आणि 2017 साली पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखविण्याचा व्यवसाय सुरू केला. होडी वल्हविणे त्या शिकल्या. कांदळाच्या जाती ओळखण्यास शिकल्या. यंत्राचा घरघराट नसल्याने पक्षी दचकून उडत नाहीत. चिखलातून वर आलेली मुळे कशासाठी, त्यांच्या आधाराने माशांची पिले कशी वाढतात, हे त्या पाहुण्यास समजावून सांगतात. ज्या घराची भाकरी मासळीवर चालते, त्या घरातील स्त्रीने कांदळवनाचे रक्षण करावे यात नवल नाही. नवल हे की तिच्या या ज्ञानास आता मोल आले. महाराष्ट्र शासनाने 2020 साली पांढऱ्या चिप्पीस राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. या स्त्रिया त्याआधीपासूनच पाहुण्यांना कांदळवनाची ओळख करून देत होत्या.

असे प्रयत्न अन्यत्रही झाले आहेत. नेपाळात पोखरा येथे छेत्री कुटुंबातील तीन बहिणींनी 1994 साली स्त्रियांना डोंगरवाटा दाखविण्याचा व्यवसाय उभारला. पुरुष वाटाड्यांकडून वाईट अनुभव आलेल्या प्रवासिनी त्यांच्या निवासगृहात उतरत. त्यांच्या तक्रारी ऐकूनच बहिणींना ही कल्पना सुचली. पुढे त्यांनी गरीब घरच्या असंख्य मुलींस वाटाड्याचे शिक्षण दिले. लडाखमध्ये थिनलस चोरोल या तरुणीने 2009 साली केवळ स्त्रियांनी चालविलेली प्रवाससंस्था काढली. तेथे वाटाड्या स्त्रीच आणि रात्रीचा मुक्काम शक्यतो खेडुतांच्या घरी. त्यामुळे प्रवाशाच्या पैशातील मोठा वाटा त्या घरच्या गृहिणीच्या हाती पडतो.

‘लडाख कोठे आणि आमचे सौंसर कोठे!’ असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या शेजारचेच उदाहरण घ्या. छिंदवाडा जिल्ह्यात तामियाच्या डोंगरांत सावरवानी नावाचे गाव आहे. तेथील आदिवासी कुटुंबांनी आपल्या मातीच्या घरांशेजारी पाहुण्यांसाठी खोल्या सजविल्या, घरचे अन्न वाढले, शेत आणि रान दाखविले. जबाबदार पर्यटनाबद्दल 2024 साली केंद्र शासनाने या गावास उत्कृष्ट पर्यटनग्राम म्हणून गौरविले. त्याआधी एक वर्ष, 2023 साली, आमचे पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ‘आई’ नावाचे महिला पर्यटन धोरण स्वीकारले. पर्यटन व्यवसाय करू इच्छिणाऱ्या स्त्रियांच्या 15 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज ठरावीक मर्यादेपर्यंत शासनाने सोसावे, अशी त्यात तरतूद आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे ‘आई’ची ही सावली आमच्यापर्यंत पोहोचत नाही. तथापि भाषा सीमा जाणत नाही आणि चांगली कल्पनाही जाणत नाही.

येथे एक आक्षेप आम्हांस प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “पाहुणचार विकायचा असतो का? ताटाची किंमत सांगितली की ताटाची माया गेली.” या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. परंतु ज्या मायेचे मोल घेऊ नये असे आपण म्हणतो, तिचे श्रम एकाच व्यक्तीच्या वाट्यास का येतात, हा प्रश्न उरतोच. वैद्य फी घेतो म्हणून त्याची करुणा आटत नाही; शिक्षक वेतन घेतात म्हणून त्यांची विद्या उणी होत नाही. मग यजमानिणीनेच तेवढे रिक्त हस्ते का राहावे? नातलगाचा पाहुणचार नातलगासारखाच व्हावा. परंतु अनोळखी प्रवाशाने तिच्या कष्टांचा आणि ज्ञानाचा मोबदला दिला, तर त्यात मायेचा अपमान नाही.

प्रवाशाचीही काही कर्तव्ये आहेत. सुट्टीत आपणही प्रवासी होतो, म्हणून हे आपल्यालाच उद्देशून आहे. निघण्यापूर्वी आपण चार प्रश्न विचारावेत. आपण दिलेला पैसा कोणाच्या हाती पडणार? जेथे उतरणार, तेथील स्वयंपाक करणारीस आणि वाट दाखविणारीस तिचा न्याय्य वाटा मिळतो काय? आपल्या जाण्याने तेथील पाणी, रान आणि लोकांची शांतता यांस उपद्रव तर होणार नाही ना? आणि ज्याचे छायाचित्र आपण काढतो, त्याची संमती आपण घेतली आहे काय? गोटमारीच्या दिवशी जखमी मुलाचे चित्र टिपून परतणारा मनुष्य हजारो कोसांवरून आला, तरी त्याला आम्ही प्रवासी म्हणणार नाही. रक्त पाहण्यास गर्दी जमते, हेही ते रक्त न थांबण्याचे एक कारण आहे.

आमच्याजवळ दाखविण्यासारखे दुसरे काही नाही काय? फुलांनी घमघमणारी संत्र्याची बाग आहे, सातपुड्याचे डोंगर आहेत, मराठी आणि हिंदी एकाच अंगणात नांदविणारी माणसे आहेत. कलम कसे बांधतात, बहार धरण्यासाठी झाडाला ताण कसा देतात, हे बागेत राबणाऱ्या बायकांस तोंडपाठ आहे. नागपूर जवळ आहे. पांढुर्ण्यास आगगाडी थांबते. उणीव आहे ती एवढीच, की ‘या, मी तुम्हांला माझा गाव दाखविते,’ असे म्हणणारी यजमानीण अजून पुढे आलेली नाही.

विद्यार्थिनी भगिनींनो, ती कदाचित तुमच्याच वर्गात बसली असेल. तिला हिशेब शिकू द्या, दोन-तीन भाषा शिकू द्या, झाडांची आणि पक्ष्यांची नावे शिकू द्या. आणि बंधूंनो, ती निघेल तेव्हा दोन्ही तीरांवर आपण उभे असू. त्या वेळी आपले हात रिकामे असावेत.