विरलेल्या जागा

कापड विरू लागलं की बोलू लागतं. कोपर, गुडघा, खांद्याची कड, जिथे जिथे माणूस रोजच्या जगण्याला घासला जातो तिथे तिथे धागे पातळ होत जातात, आणि जाणता कथाकार नेमका तिथेच उजेड धरतो.

गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधला (१८४२) अकाकी अकाकीविच घ्या. पीटर्सबर्गचा हाडं गोठवणारा गारठा, आणि याच्या जुन्या कोटाची कॉलर वर्षागणिक लहान होत चाललेली; कारण बाकीच्या कोटाला लागणारी ठिगळं तिच्यातूनच कापून घेतलेली. पेत्रोविच शिंपी तो कोट हातांवर पसरून उजेडासमोर धरतो. त्या चाळण झालेल्या कापडातून मला सबंध माणूस दिसतो : कागदांच्या नकला उतरवत बसलेला, कुणाच्या नजरेत न भरणारा, स्वतःलाच थोडं थोडं कातरून स्वतःला झाकत आलेला. मग नव्या कोटासाठी तो संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून चवड्यांवर चालतो. कोट अजून शिवूनही झालेला नसतो.

ऊब मात्र लागू लागलेली असते.

आणि टॉलस्टॉयची ॲना कॅरेनिना! कोवळ्या किटीनं तिला मनातल्या मनात फिकट जांभळ्या पोशाखात पाहून ठेवलेलं; ती नाचाच्या दालनात उभी असते काळ्या मखमलीत, केसांत पॅन्सीच्या फुलांची छोटी माळ घालून. त्या काळ्या रंगातून तिचे खांदे, तिचं हसू, तिची जगण्याची अनावर ओढ अशी उमलून येते, की जांभळा रंग हिला नकोच होता, हे किटीला पाहताक्षणी उमगतं. मखमल मागे सरते.

उरते ॲना.

आपल्या साने गुरुजींना तर एक साधं धोतर पुरलं. ‘श्यामची आई’त (१९३५) दिवाळी येते, वडिलांचं धोतर फाटलेलं असतं, आणि आई भाऊबीजेच्या पैशांतून त्यांच्यासाठी नवं धोतर आणवते. सासरच्या ओढगस्तीत माहेरून आलेली, तिच्या एकटीच्या हक्काची तेवढीच ओवाळणी. तीही ती नवऱ्याच्या अंगावर घालते. तिच्या मायेविषयी मग वेगळं काही लिहावं लागत नाही.

म्हणून लिहिणाऱ्यांनो, पात्राला कपडे चढवताना रंगांची यादी देऊ नका. कापड कुठे विरलं, कुणी शिवलं, कुणाच्या पैशानं घरात आलं, एवढं विचारा. माणूस तिथे सापडतो.