अळीव न घातलेले लाडू

गंगाखेड,
गुरुवार

प्रिय पोरी,



आज पाचवा दिवस. सगळं नीट झालं असतं तर आज तुझ्या घरी पाचवी पूजली असती. सकाळपासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, ती कुणाशी बोलत नाही, आम्ही समजावून दमलो. मी विचारलं, काय समजावलं? तर तेच. वय आहे अजून, दुसरं होईल. लळा लागायच्या आधीच गेलं, बरं झालं. पोरी, आठ महिने पोटात वागवल्यावर लळा लागायचा राहतो होय? तुझी लेक गेली आहे. रड तू. मला ते समजवायचंच नाही.

उपकेंद्रावर मी एकतीस वर्षं नर्स होते. जन्माचा फॉर्म वेगळा, मृत्यूचा वेगळा आणि मृतजन्माचा तिसरा. त्या तिसऱ्या फॉर्मची माहिती किती वेळा दिली असेल, मोजलं नाही. १९६१ च्या मातृत्व लाभाच्या कायद्यात तर 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरायचं, असं सरळ लिहिलं. तुझ्या हापिसातून चौथ्याच दिवशी 'कधी हजर होताय' असा फोन आला म्हणे. तुझी रजा पूर्ण बाळंतपणाची, २६ आठवड्यांची. गर्भपाताची सहा आठवड्यांची रजा वेगळी, ती घ्यायला लावली तर सही करू नकोस. जावईबापूंना अर्ज लिहायला सांग. पण कायदा मी रजेपुरता काढला नाही. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना जे मूल दिसलं, ते आपल्याच घरातल्यांना दिसू नये, याचा मला फार राग येतो.

दूध दाटलंय म्हणे. वार पडली की अंगाला वाटतं, लेकरू आलं. गार पाण्याच्या घड्या ठेव, अंगाला नीट आधार देणारी बॉडी घाल. ठणका सोसेना तर थोडंच पिळ. सगळं काढलंस तर पुन्हा भरून येतं. लाल झालं, ताप आला तर डॉक्टरांकडे जा, घरी बसू नकोस. दक्षिणेत अशा वेळी बाया छातीला मोगऱ्याची फुलं बांधतात. त्यानं दूध खरंच कमी होतं, असं वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ साली तपासून लिहिलं. माझं त्याच्या दोन वर्षं आधीचं. मी मोरीत उभी राहून पिळायची आणि ते पांढरं पाणी दगडावरून मोरीच्या भोकाकडे जाताना बघत राहायची. मग तांब्याभर पाणी ओतायची, कुणाला दिसू नये म्हणून.

माझ्या त्या बाळाचं तुला माहीत नाही. घरात कुणी त्याचा विषयच काढला नाही. मुलगा होता. नऊ दिवस जगला.

एवढ्याशा लेकराला अग्नी देत नाहीत. सासरे धोतराच्या फडक्यात गुंडाळून रानात घेऊन गेले. कुठं ठेवलं ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुझे काका दुसऱ्याच दिवशी कापूस वेचायला बाया घेऊन गेले. मला वाटलं, या माणसाला काहीच नाही. ते मनात धरून मी सोळा वर्षं काढली. मग एका उन्हाळ्यात भाकरी घेऊन रानात गेले तर हे वखराची पाळी घालत होते. धुऱ्यावरच्या लिंबाजवळ आले की बैल थांबवायचे, वखर उचलायचे, चार पावलं तसाच धरून न्यायचे आणि पुढं टेकवायचे. पुढच्या फेरीलाही तसंच. तेवढ्या जागेत कधी काही पेरलेलंच नव्हतं. मी भाकरी ठेवली आणि तिथंच बसून राहिले.

जावईबापू गप्प आहेत, जेवून बाहेर निघून जातात, असं तुझी आई सांगते. त्यांना विचार, कुठं ठेवलं, वर दगड ठेवला का. तिला हातावर घेऊन तेच गेले होते.

आणि रात्रभर आठवत बसू नकोस, ग्रहणात विळीवर बसले होते, जिंतूरच्या रस्त्यावर जीप आदळली होती. वारेतून रक्त कमी पोचतं, बीपी वाढतं, साखर असते, कधी इन्फेक्शन होतं, आणि कितीदा तर सगळं तपासूनही कारण सापडत नाही. विळीचा त्यात काही हात नसतो. तपासणीचे कागद मात्र सगळे मागून घे आणि जपून ठेव.

कुणीतरी तुला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगेलच. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, दहा दिवसांत गेला, मग अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. मलाही ट्रेनिंगला असताना सांगितली होती. खरी आहे, मोठीच बाई. पण सांगणारे ते दहा दिवस एका वाक्यात उरकतात आणि लगेच बोटीवर चढतात. मला त्या दहा दिवसांनंतरची, घरात बसलेली चौदा वर्षांची पोर दिसते. तू काही करून दाखवायचं नाहीस. नाहा, दोन घास खा, दार उघडून ओट्यावर ये. आत्ता तेवढं पुष्कळ.

दिवसेंदिवस झोपच येईना, किंवा जगून काय करायचं असं मनात यायला लागलं, तर मला रात्री दोनला उठव. मी नाही उचलला तर १४४१६ लाव, टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीही. लाज धरू नकोस.

हे जनाबाईचं गाव. माझी आजी पहाटे जात्यावर बसली की तिच्या गेलेल्या दोन लेकरांची नावं ओवीत यायची. दिवसा तिच्या तोंडून ती नावं मी कधी ऐकली नाहीत.

रविवारी येते. परभणीला गाडी बदलून दुपारपर्यंत सेलूला पोचेन. डिंकाचे लाडू केलेत, खारीक-खोबरं भरपूर घातलंय. तू बाळंतीण आहेस, तुझी कंबर शेकायची आहे, अंग चोळायचं आहे. अळीव तेवढे घातले नाहीत, ते दुधासाठी असतात.

नाव काढून ठेवलं होतंस ना? मी आल्यावर मला सांग.

तुझी
मावशी