हातातले पाणी

घर बांधायला काढले, म्हणजे ओटी, दिवाणखाना, स्वयंपाकघर यांची चर्चा महिनोन् महिने चालते; न्हाणीघर मात्र प्लंबरवर सोपवून आपण मोकळे होतो. आजाऱ्यांना भेटण्यासाठी धर्मग्रामातील घरोघरी जाताना हे फार जाणवते. धडधाकट माणसाच्या सोयीने बांधलेल्या त्या खोलीत वृद्धांची किती कुचंबणा होते!

माझ्या धाकट्या भावाने वसईतले आमचे कौलारू घर उतरवून नवे बांधले, तेव्हा प्रश्न आला शॉवरचा. पुतण्याला छताला टांगलेला, ताटाएवढा शॉवर हवा होता. भावजयीला नळीचा, हातात धरता येणारा हवा होता. तिचे कारण सर्वांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नव्हते. खुब्याचे हाड मोडल्यापासून आईला तीच आंघोळ घालीत असे.

स्थिर शॉवरची बाजू अगदीच लंगडी नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, नळी गळण्याची भीती नसते. परंतु ताटाएवढ्या शॉवरला दाब लागतो. टाकीतील पाणी १० मीटर उंच असेल, तेव्हा कुठे साधारण १ बार दाब मिळतो. आमच्या बैठ्या घराची टाकी शॉवरपासून जेमतेम २-३ मीटर वर! पंपावाचून पुतण्याचा पाऊस ठिबकतच राहिला असता. शिवाय विहिरीचे पाणी जड; क्षारांनी भोके बुजतात. नळीचा शॉवर फिरवून काढावा, तासभर सिरक्यात ठेवून घासावा. छतावरच्यासाठी शिडी आणावी लागते.

आईला या हिशेबाशी कर्तव्य नव्हते. डोक्यावरून पडणाऱ्या पाण्याने तिचा जीव घुसमटे, केस वाळता वाळता दुपार होई. तांब्याने घ्यावे, तर वाकता येत नव्हते. जन्मभर विहिरीचे पाणी शेंदून, चुलीवर तापवून आम्हां सर्वांना न्हाऊ घालणारी ती बाई दुसऱ्याच्या हातून आंघोळ घेताना डोळे मिटून बसे. भावजयीचा हात अतिशय हळुवार होता, तरीही.

थोरला म्हणून मला विचारले गेले, आणि मी नळीला कौल दिला. उभ्या दांड्यावर शॉवर वरखाली सरकवता येईल अशी खोबण बसवली. खाली घेतली की स्टुलावर बसलेल्याच्या हाताशी, वर नेली की पुतण्याच्या डोक्यावर. नळी दीड मीटरची. तो दांडा आधाराला धरण्याजोगा नसतो, उखडतो. म्हणून भिंतीत भक्कम आधारदांडा वेगळा रोवला. शॉवर बादलीत बुडता ठेवू नये. नळाचा दाब गेल्यास घाण पाणी उलट ओढले जाऊ शकते. आणि पाण्याची ऊब आधी हातावर पाहावी, वृद्ध कातडीला चटका लवकर बसतो.

पहिले दोन-तीन दिवस आई बिचकली. पाणी भिंतीवर उडाले, भावजयीची साडी भिजली. चौथ्या दिवशी तिने फर्मावले, "पाठ तेवढी चोळ आणि जा बाहेर. दार लोटून घे."

भावजयीने दार लोटले, कडी मात्र लावू दिली नाही. आणि पाण्याचा आवाज थांबेपर्यंत ती तेथेच कान देऊन उभी राहिली.