फेब्रुवारीत बी कोण पेरतो?

परदेशात भेटलेला मराठी माणूस थेट जात विचारत नाही. आधी आडनाव विचारतो. त्यावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतो. तरीही नक्की कळलं नाही, तर सहज म्हणून विचारतो, "गावाकडे शेती किती?" आम्हा दोघांना इंग्लंडमध्ये हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेलाय की त्यामागचा हेतू आता लगेच कळतो. "शेती नाही" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "तुमच्या लोकांना शेतीची सवय नसते हो. सरकारने जमिनी दिल्या, त्या पडीक ठेवल्या नाहीतर विकून टाकल्या."

हेच वाक्य आम्ही मराठवाड्यातही ऐकत होतो. ते खोटं कसं आहे हे सांगायला आज आम्ही आमच्या खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांची साक्ष काढणार आहोत.

आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनला राहतो. भाजीपाल्यासाठी नगरपालिकेकडून भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याला इथे ॲलॉटमेंट म्हणतात. पूर्ण तुकडा परंपरेने दहा रॉडचा, म्हणजे साधारण अडीच गुंठे. आमच्याकडे अर्धा आहे, सव्वा गुंठा. आमच्या दोन्ही घराण्यांत स्वतःच्या नावावर कसायला मिळालेली ही पहिली जमीन.

इथे मेच्या मध्यापर्यंत एखाद्या रात्री पारा शून्याखाली जातो आणि कोवळं रोप सकाळी काळं पडलेलं दिसतं. ऑक्टोबरात थंडी पुन्हा हजर. टोमॅटो, मिरची, वांगी यांना एवढा मोसम पुरत नाही. त्यात ऑगस्टच्या ओल्या हवेत टोमॅटोवर करपा येतो, तो वेगळाच. म्हणून बी घरातच लवकर टाकावं लागतं. मिरची आणि वांगी फेब्रुवारीत, टोमॅटो मार्चच्या सुरुवातीला. बाहेर माती गारठलेली असताना आमच्या दक्षिणेकडच्या खिडकीत ट्रे मांडलेले असतात.

रुजायला ऊब लागते, वीस अंशांच्या आसपास. टोमॅटो आठवड्याभरात वर येतो, मिरची दोन-तीन आठवडे वाट बघायला लावते. कोंब दिसला की मात्र ऊब कमी आणि उजेड जास्त हवा. नाहीतर रोप उजेडाच्या ओढीने लांबट, बारीक होऊन आडवं पडतं. म्हणून कुंड्या रोज फिरवायच्या. खरी दोन पानं फुटली की एकेक रोप वेगळं करायचं, तेही पानाला धरून. देठ दबला तर रोप गेलंच. टोमॅटोचा देठ मातीत खोल गाडला तरी चालतो, त्यालाच नव्या मुळ्या फुटतात. एप्रिलअखेर रोपं जुन्या खिडकीच्या काचेखाली ठेवतो. मग आठ-दहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत, असं करून ती काटक करतो. मेच्या शेवटी जमिनीत लावतो. पहिला लाल टोमॅटो हाती येतो तो जुलै संपता संपता किंवा ऑगस्टमध्ये. खिडकीपासून ताटापर्यंत पाच महिने.

हे आम्हाला कोणी शिकवलं? थंडीचं वेळापत्रक शेजारच्या तुकड्यावरच्या इंग्रज म्हाताऱ्याने सांगितलं. बाकी बरंचसं घरातलंच होतं. आमच्या आजीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात रोजंदारीवर मिरची-वांग्याची रोपं लावली. गादीवाफ्यातून रोप कसं उचलायचं, ऊन उतरल्यावर लावणी का करायची, हे तिला कृषी खात्याच्या पुस्तिकेशिवाय ठाऊक होतं. झोपडीच्या कडेला भोपळ्याचा वेल आणि राखेत घोळवून ठेवलेलं बी, एवढीच तिची स्वतःची शेती. सातबारावर तिचं नाव कधी लागलं नाही. गावातली निम्मी रानं ज्यांच्या हातांनी पिकतात, त्यांनाच "शेतीची सवय नाही" म्हणणं हा अडाणीपणा नाही. तो मालकी झाकण्याचा डाव आहे.

मग आजीला जे जमलं नाही ते आम्हाला सव्वा गुंठ्यात कसं जमलं? बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर जो लेख लिहिला, त्यात याचं उत्तर आहे. जमिनीचा तुकडा परवडणारा आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर लावायला भांडवल आणि अवजारं किती आहेत यावर ठरतं, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्याकडे उबदार घर आहे, ट्रे आहेत, खत आहे, नळाचं पाणी आहे आणि दर महिन्याला पगार आहे. भूमिहीनांच्या वाट्याला आली ती बहुतेक मुरमाड, बिनपाण्याची जमीन. बैल नाही, विहीर नाही, कर्ज नाही. मार्चच्या थंडीत टोमॅटोचं बी उघड्यावर टाकून ते रुजलं नाही, तर दोष कोणी बियाला देत नाही. माणसांना मात्र देतात.

भांडवलाइतकीच मोठी आणखी एक गोष्ट आहे. फेब्रुवारीत बी टाकणारा माणूस एक गोष्ट गृहीत धरतो. ऑगस्टमध्ये ती जमीन त्याच्याकडेच असेल. आमचा हा विश्वास कायद्यावर उभा आहे. १९५० च्या ॲलॉटमेंट कायद्यानुसार साधी नोटीस देऊन जागा परत घ्यायची असेल, तर बारा महिने आधी कळवावं लागतं. शिवाय ती मुदत ६ एप्रिलला किंवा त्याआधी, नाहीतर २९ सप्टेंबरला किंवा त्यानंतरच संपू शकते. म्हणजे मोसम भरात असताना, उभ्या पिकातून कसणाऱ्याला उठवायचं नाही, हे कायद्यानेच ठरवलंय.

हा कायदा कोणाच्या दयेतून आलेला नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथल्या जमीनदारांनी संसदेचे कायदे करून गावांची सामायिक जमीन कुंपणात घातली आणि शेतमजूर उघडा पडला. १८८४ साली खेड्यातल्या मजूर पुरुषांपैकी बहुतेकांना मत मिळालं. तीनच वर्षांनी, १८८७ मध्ये, ॲलॉटमेंटचा कायदा आला. १९०८ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये मागणी असेल तिथे जागा पुरवणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरलं. आधी राजकीय सत्तेत वाटा, मग जमीन. बाबासाहेबांच्या अनुयायांना हा क्रम नव्याने समजावून सांगायला नको. आजही इथे प्रतीक्षायाद्या लांबलचक आहेत आणि गरिबी आहेच. इंग्लंडचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. मुद्दा हक्काचा आहे.

आता महाराष्ट्रात या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसं तुरुंगात गेली. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरानावरचे दगड वेचून रान केलं. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण ठरलं. तरी कितीतरी कुटुंबं अजून दंडाच्या पावत्या हाच पुरावा म्हणून जपून ठेवतात. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. पण सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिलेले असतील, तर अपवाद म्हणून ते नियमित करता येतील, असंही त्याच निकालात आहे. गायरान मोकळं करा म्हणून ओरडणारे हे दुसरं वाक्य कधी वाचून दाखवत नाहीत.

उद्या नांगर फिरवून पीक मोडलं जाईल ही धास्ती असलेला माणूस विहीर कशी खणेल? आंब्याचं झाड कशाला लावेल? तो एका पावसाचं पीक घेतो आणि जीव मुठीत धरून बसतो. त्यालाच मग आळशी म्हणायचं!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची नावं सातबारावर लावा, नवरा-बायको दोघांची. निर्णय होईपर्यंत उभ्या पिकात कोणालाही उठवू नका. जमिनीबरोबर पाणी, बियाणं आणि कर्ज द्या. वाचकांपैकी जे गावात काम करतात त्यांनी कसणाऱ्यांच्या दंड पावत्या, पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी आत्ताच गोळा करून ठेवाव्यात. शहरात आणि परदेशात नोकरी करणाऱ्यांनी एखाद्या कुटुंबाच्या वकिलाचा खर्च उचलावा.

आणि "गावाकडे शेती किती?" असं कोणी विचारलं, तर मान खाली घालू नका. जमीन आमच्याकडे का नाही, हे त्यालाच विचारा.

जय भीम!